मध्याचा शोध

जबलपूर शहराला लागून मदनमहालाची टेकडी आहे. टेकडीच्या माथ्यावर गोंड राजवटीतला छोटेखानी किल्ला आहे आणि खालच्या अंगाला ग्रॅनाइटच्या कातळांचा विस्कळीत पसारा आहे. त्या पसाऱ्यात एक प्रचंड शिळा दुसऱ्या शिळेवर अशी टेकलेली आहे, की ती आता घसरेल, मग घसरेल असे पाहणाऱ्याला वाटत राहावे. दोन्ही शिळांचा एकमेकींना स्पर्श अगदी थोड्या जागेत होतो. २२ मे १९९७ च्या पहाटे जबलपूरला मोठा भूकंप झाला, शहरातील आणि आसपासच्या खेड्यांतील कितीतरी घरे कोसळली. ही शिळा मात्र जागची ढळली नाही. त्याचे कारण चमत्कारात नाही. शिळेच्या पोटात असा एक बिंदू आहे, की तिचे सारे वजन जणू त्या एका बिंदूत एकवटलेले असते. त्या बिंदूतून सरळ खाली सोडलेला ओळंबा जोवर स्पर्शाच्या त्या अल्पशा जागेत पडतो, तोवर शिळा स्थिर राहते. त्या बिंदूला गुरुत्वमध्य म्हणतात.

हा मध्य डोळ्यांना दिसत नाही. परंतु त्याच जबलपूरच्या ईशान्येस, सिहोऱ्यापलीकडे, करौंदी नावाचे एक गाव आहे. तेथे एका मध्याची खूण मुद्दाम उभारून ठेवलेली आहे. हा भारताचा भौगोलिक मध्य होय, असे सांगितले जाते. जबलपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे संस्थापक प्राचार्य एस. पी. चक्रवर्ती यांनी १९५६ साली हे स्थान निश्चित केले, अशी तिकडची मान्यता आहे. १९९८ साली कटनी जिल्हा वेगळा झाला आणि करौंदी त्यात गेली. त्यापूर्वी ती जबलपूर जिल्ह्यातच होती.

१९५६ हे साल मराठी माणसाला दुसऱ्या एका कारणाने स्मरते. त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरला जुने मध्यप्रदेश राज्य मोडले. नागपूर ही त्या राज्याची राजधानी होती. तिचे राजधानीपण गेले, विदर्भ मुंबई राज्याला जोडला गेला, नव्या मध्यप्रदेशाची राजधानी भोपाळला झाली आणि उच्च न्यायालय जबलपूरला आले. १८१७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली असलेले जबलपूर आणि खुद्द नागपूर हे दोघे एका राज्यातून दोन राज्यांत गेले. राज्याचा मध्य एका आज्ञेने हलवता येतो, हे ज्या वर्षी दिसले, त्याच वर्षी देशाचा मध्य गणिताने ठरवण्याचा हा प्रयत्न झाला. गणिताने ठरवलेला मध्य तरी कोणाच्या मर्जीवर अवलंबून नसेल, अशी सामान्य माणसाची समजूत असते. ती कितपत खरी आहे, हे तपासून पाहण्याजोगे आहे.

कारण देशाचा मध्य म्हणून सांगितली जाणारी स्थळे एकाहून अधिक आहेत. नागपूरचा 'झिरो माइल'चा खांब सर्वांना ठाऊक आहे. तेथून निरनिराळ्या गावांची अंतरे त्यावर कोरलेली आहेत आणि त्यांत जबलपूरचे १७० मैलांचे अंतरही आहे. हा खांब म्हणजे देशाचे केंद्र, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. परंतु तेथला १९०७ सालचा दगड हा मुळात समुद्रसपाटीपासूनची उंची नोंदवण्यासाठी मोजणीखात्याने बसवलेला आहे. दुसरे स्थळ सिरोंजजवळचे कल्याणपूर. भारताची त्रिकोणमितीय मोजणी आरंभणारा कर्नल लॅम्टन १८२३ साली वर्ध्याजवळ हिंगणघाटला मरण पावला. त्याचे काम पुढे नेणाऱ्या एव्हरेस्टने कल्याणपूर हे ठाणे मोजणीसाठी निवडले आणि पुढे साऱ्या देशाचे अक्षांश-रेखांश ज्या मूळस्थानापासून मोजले गेले, ते हेच. तिसरे स्थळ कोणालाही घरबसल्या काढता येईल. भारताचा मुख्य भूभाग उत्तर अक्षांश ८ अंश ४ मिनिटे ते ३७ अंश ६ मिनिटे आणि पूर्व रेखांश ६८ अंश ७ मिनिटे ते ९७ अंश २५ मिनिटे यांच्या दरम्यान पसरलेला आहे. या टोकांची सरासरी घेतली, तर २२ अंश ३५ मिनिटे अक्षांश आणि ८२ अंश ४६ मिनिटे रेखांश हा बिंदू मिळतो. तो करौंदीपासून अडीचशे किलोमीटरांहून अधिक दूर, छत्तीसगडातील कोरब्याच्या परिसरात पडतो.

यांतले खरे कोणते? एका साध्या उदाहरणाने हा प्रश्न उलगडतो. एका सरळ रस्त्यावर पाच गावे आहेत अशी कल्पना करावी. पहिले गाव रस्त्याच्या आरंभी, दुसरे १ किलोमीटरवर, तिसरे २ वर, चौथे ३ वर आणि पाचवे एकटे, दूर, २४ किलोमीटरवर. या पाच गावांसाठी एकच दवाखाना बांधावयाचा आहे आणि तो 'मध्यावर' हवा, असा ठराव झाला. पाचही गावांच्या चालण्याची बेरीज कमीत कमी व्हावी असे म्हटले, तर दवाखाना तिसऱ्या गावी, म्हणजे २ किलोमीटरवर येतो. अंतरांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी व्हावी असे म्हटले, म्हणजेच सरासरी काढली, तर तो ६ किलोमीटरवर येतो. आणि सर्वांत दूरच्या रोग्याला कमीत कमी चालावे लागावे असे म्हटले, तर तो १२ किलोमीटरवर, माळरानात, येतो. पहिल्या निवडीत सर्वांची मिळून २६ किलोमीटरांची चाल होते, पण त्यांतली २२ एकट्या पाचव्या गावाच्या वाट्याला येते. तिसऱ्या निवडीत कोणालाही १२ किलोमीटरांहून अधिक चालावे लागत नाही, पण एकूण चाल ५४ वर जाते. तीनही उत्तरे बिनचूक आहेत. गणिताने तिन्ही ठिकाणी आपले काम चोख केले आहे. कोणाचे कष्ट मोजावयाचे, हे मात्र गणित सांगत नाही. ते गणित मांडण्यापूर्वीच ठरवावे लागते.

मध्याचा इतिहास म्हणजे या निवडीचा इतिहास होय. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात आर्किमिडीजने सपाट आकृतींचा गुरुत्वमध्य शास्त्रशुद्ध रीतीने शोधला आणि त्रिकोणाचा गुरुत्वमध्य त्याच्या मध्यगा जेथे मिळतात तेथे असतो, हे सिद्ध केले. शाळेतल्या मुलालाही त्रिकोणाचे एकच केंद्र शिकवीत नाहीत. मध्यगांचा संपातबिंदू वेगळा, आतून तीनही बाजूंना स्पर्श करणाऱ्या वर्तुळाचे केंद्र वेगळे, तीनही शिरोबिंदूंतून जाणाऱ्या वर्तुळाचे केंद्र आणखी वेगळे. समभुज त्रिकोणात ही सारी एका ठिकाणी येतात. त्रिकोण जितका तिरका, तितकी ती एकमेकांपासून फाकतात. १८५७ साली इंग्रज गणिती सिल्व्हेस्टर याने एका वाक्यात प्रश्न मांडला, की दिलेल्या सर्व बिंदूंना सामावून घेणारे लहानात लहान वर्तुळ कोणते? वरच्या उदाहरणातील दूरच्या रोग्याचा प्रश्न तो हाच. अशा वर्तुळाच्या केंद्राला पुढे रशियन गणिती चेबिशेव्ह याचे नाव मिळाले.

या शोधाला आधुनिक काळात जे क्षेत्र लाभले, ते 'बहिर्वक्र' आकृतींचे. ज्या आकृतीतले कोणतेही दोन बिंदू सरळ रेषेने जोडले असता ती रेषा सबंध आकृतीच्या आतच राहते, ती आकृती बहिर्वक्र. लिंबू, वीट, फासा या बहिर्वक्र वस्तू होत, चंद्रकोर नव्हे. भारताचा नकाशाही नव्हे. कारण कोलकात्याहून आगरताळ्याला जाणारी सरळ रेषा बांगलादेशावरून जाते आणि द्वारकेहून मुंबईला येणारी समुद्रावरून. बहिर्वक्र आकृतीला खाचखळगे नसल्यामुळे तिच्या आत उभे राहिलेल्याला सर्व भिंती दिसतात. मध्य शोधण्यासाठी याहून सोयीची जागा नाही.

अशा आकृतींचे महत्त्व भूमितीपुरतेच राहिले नाही. कारखान्यात पोलाद इतकेच आहे, कामगारांचे तास इतकेच आहेत, कोळसा इतकाच आहे, अशा प्रत्येक मर्यादेची एक सपाट भिंत होते. सर्व मर्यादा पाळणाऱ्या योजना त्या भिंतींनी बंदिस्त केलेल्या एका बहिर्वक्र दालनात असतात. त्यांतून सर्वांत किफायतशीर योजना निवडणे याला रेषीय नियोजन किंवा लिनिअर प्रोग्रॅमिंग म्हणतात. १९३९ साली लेनिनग्राडमध्ये कान्टोरोविचने या विषयाचा पाया घातला आणि १९४७ साली अमेरिकेत जॉर्ज डँट्झिगने तो सोडवण्याची 'सिंप्लेक्स' रीत दिली. सर्वोत्तम योजना दालनाच्या एखाद्या कोपऱ्यात सापडते. म्हणून डँट्झिगची रीत भिंतींच्या कडेकडेने एका कोपऱ्यावरून दुसऱ्या, अधिक चांगल्या, कोपऱ्यावर सरकत जाते. व्यवहारात ती उत्तम चालली. परंतु १९७२ साली क्ली आणि मिंटी यांनी असे एक दालन रचून दाखवले, की तेथे या रीतीला जवळजवळ सगळे कोपरे पालथे घालावे लागतात. केवळ ५० अज्ञात राशींच्या अशा प्रश्नात कोपरे अकरा कोटी कोटींहून अधिक होतात. सेकंदाला दहा लाख कोपरे या वेगाने गेले, तरी सुमारे पस्तीस वर्षे लागावीत!

कडेने जाण्यापेक्षा मधून का जाऊ नये, हा विचार येथे पुढे येतो. दालनाच्या मधोमध उभे राहावे, अधिक लाभ कोणत्या बाजूला आहे ते पाहावे आणि दुसरी बाजू भिंत घालून कायमची बंद करावी. उरलेल्या दालनाचा पुन्हा मध्य काढावा आणि पुन्हा भिंत घालावी. १९६५ साली सोव्हिएत रशियात लेविन आणि अमेरिकेत न्यूमन यांनी, एकमेकांस न कळत, हीच रीत सुचवली. मध्य म्हणून त्यांनी आर्किमिडीजचाच गुरुत्वमध्य घेतला. तो घेण्यास कारण होते. गुरुत्वमध्यातून कोणत्याही दिशेने छेद घेतला, तरी बहिर्वक्र आकृतीचा किमान ३७ टक्के भाग प्रत्येक बाजूला राहतोच, हे ग्रुनबाउमने १९६० साली सिद्ध केले होते. दर छेदाला एवढा भाग गळत गेला, की दहा छेदांत मूळ दालनाचा जेमतेम शंभरावा हिस्सा उरतो. मिती कितीही असोत, हे प्रमाण बिघडत नाही. याहून चांगला मध्य मागून मिळण्यासारखा नव्हता.

अडचण एवढीच होती, की तो सापडत नव्हता. त्रिकोणाचा गुरुत्वमध्य पाटीवर काढता येतो. शंभर मितींच्या आणि हजार भिंतींच्या दालनाचा गुरुत्वमध्य काढणे हे मूळ प्रश्न सोडवण्याहूनही कठीण काम आहे. नुसते अशा दालनाचे आकारमान अचूक काढणे किती दुष्कर आहे, हे डायर आणि फ्रीझ यांनी १९८८ साली दाखवून दिले. सर्वगुणसंपन्न मध्य असा हाताबाहेर राहिला. म्हणून गणित्यांनी वेगळी वाट धरली. दालनाचा मध्य मिळत नसेल, तर दालनाभोवती एक लांबट गोळा, म्हणजे विवृत्तज, कल्पावा. त्याचा मध्य काढण्यास काहीच श्रम नाहीत. १९७९ साली मॉस्कोच्या लिओनिड खाचियानने या मार्गाने रेषीय नियोजनाचा प्रश्न मर्यादित पावलांत सुटतो, हे प्रथमच सिद्ध केले. सिद्धांत म्हणून हा विजय मोठा होता. व्यवहारात मात्र या सोप्या मध्याची किंमत जबर पडली. शंभर मितींत एका पावलागणिक गोळ्याचे आकारमान जेमतेम अर्ध्या टक्क्याने घटते. कोठे ३७ टक्के आणि कोठे अर्धा टक्का! एक मध्य उत्तम पण दुर्लभ, दुसरा सुलभ पण दुबळा, असा हा पेच होता.

तो सोडवणारा माणूस निघाला मराठी. जबलपूरप्रमाणेच ग्वाल्हेर हेही महाराष्ट्राबाहेरील मराठी वस्तीचे जुने ठाणे. तेथल्या एका मराठी कुटुंबात नरेंद्र करमरकर यांचा जन्म झाला. १९७८ साली मुंबईच्या आय. आय. टी.तून विद्युत् अभियांत्रिकीची पदवी घेऊन ते अमेरिकेत गेले. १९८३ साली बर्कली येथे रिचर्ड कार्प यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी डॉक्टरेट मिळवली आणि १९८४ साली, बेल प्रयोगशाळेत असताना, आपली नवी रीत प्रसिद्ध केली. त्याच वर्षीच्या १९ नोव्हेंबरला 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ती पहिल्या पानावर छापली. गणिताच्या वाट्याला असा मान क्वचितच येतो.

करमरकरांची युक्ती थोडक्यात अशी. दालनाच्या मध्यापाशी उभे असलेल्याला हव्या त्या दिशेने लांब पाऊल टाकता येते. भिंतीला खेटून उभ्या असलेल्याला ते टाकता येत नाही. पण एकदा पाऊल टाकले, की माणूस मध्यापासून सरकतो आणि कोणत्या तरी भिंतीजवळ जातो. मग नवा मध्य शोधत बसण्याऐवजी करमरकरांनी दालनच बदलले. भूमितीतील प्रक्षेपाच्या साहाय्याने त्यांनी सारे दालन असे ताणले-आवळले, की माणूस जेथे उभा आहे, तीच जागा पुन्हा मध्यावर यावी. तेथून पुन्हा लांब पाऊल टाकावयाचे, पुन्हा दालन बदलावयाचे. मध्याकडे माणूस जात नाही. मध्य माणसापाशी आणला जातो. खाचियानच्या रीतीप्रमाणे हीही मर्यादित पावलांत उत्तर देते, आणि प्रत्यक्ष गणनेत तिच्याहून कितीतरी वेगाने देते.

या शोधाला गालबोटही लागले. वेगाविषयी मोठे दावे झाले, परंतु ते पडताळून पाहण्यास लागणारा तपशील आरंभी बाहेर आला नाही, म्हणून गणितीवर्गातून टीका झाली. १९८८ साली कंपनीला या रीतीचे पेटंट मिळाले आणि गणिताच्या रीतीवर कोणाची मालकी असू शकते काय, हा वाद पेटला. पेटंटाची मुदत २००६ साली संपली. दरम्यान, १९८६ साली गिल, मरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की करमरकरांच्या रीतीचे जुन्या एका रीतीशी जवळचे नाते आहे. भिंतीजवळ जाणाऱ्याला लॉगरिथमच्या साहाय्याने दंड आकारून दूर ठेवणारी ती रीत. तसेच दिकिन नावाच्या सोव्हिएत गणित्याने करमरकरांशी मिळतीजुळती कल्पना १९६७ सालीच मांडली होती आणि ती जवळजवळ विस्मृतीत गेली होती, हेही उजेडात आले. यामुळे करमरकरांचे श्रेय उणे होत नाही. विखुरलेल्या, सोडून दिलेल्या कल्पनांकडे साऱ्या जगाला पुन्हा वळावेसे वाटले, ते त्यांच्यामुळे. २००० साली त्यांना पॅरिस कानेलाकिस पारितोषिक मिळाले, ते याच कार्यासाठी.

त्यानंतरच्या संशोधनात ज्या मध्याला अग्रपूजा मिळाली, त्याला वैश्लेषिक मध्य म्हणतात. हंगेरीच्या सोन्नेवेंड याने १९८५ च्या सुमारास त्याला शास्त्रीय रूप दिले. दालनातील असा बिंदू, की जेथून सर्व भिंतींपर्यंतच्या अंतरांचा गुणाकार मोठ्यात मोठा होतो. एखाद्या भिंतीला चिकटले, की तिच्यापासूनचे अंतर शून्य होते आणि सारा गुणाकारच शून्य होतो. म्हणून हा बिंदू सगळ्या भिंतींपासून आपोआप राखून राहतो. तो गुरुत्वमध्याइतका निर्दोष नाही, पण न्यूटनच्या जुन्या रीतीने तो थोड्या पावलांत काढता येतो. लाभाची ओढ हळूहळू वाढवीत नेली, की तो मध्य दालनातून एक वळणदार वाट काढीत सर्वोत्तम कोपऱ्याकडे जातो. त्या वाटेने चालणाऱ्याला, रेनेगरने १९८८ साली सिद्ध केल्याप्रमाणे, मर्यादा शंभरपट वाढल्या तरी पावलांची हमी दहापटच वाढवावी लागते. विजेच्या जाळ्यांपासून विमानांच्या वेळापत्रकांपर्यंतच्या गणनेत आज या वाटेचा उपयोग होतो.

परंतु या मध्यातही एक मेख आहे. १२ किलोमीटरांच्या सरळ रस्त्याच्या दोन टोकांना दोन भिंती आहेत असे धरले, तर त्याचा वैश्लेषिक मध्य अपेक्षेप्रमाणे ६ वर येतो. आता आरंभीचीच भिंत कागदावर चुकून दोनदा लिहिली गेली, तर रस्ता तोच राहतो, भिंती त्याच राहतात, पण गुणाकारात ते अंतर दोनदा येते आणि मध्य ६ वरून ८ वर सरकतो! जो आपली मर्यादा दोनदा सांगतो, त्याच्यापासून मध्य दूर जातो. म्हणजे हा मध्य केवळ आकृतीवर नव्हे, तर आकृतीच्या वर्णनावरही अवलंबून आहे. गणिती हे जाणतो आणि त्याप्रमाणे सावध राहतो. नियोजनाचे कागद करणाऱ्यानेही ते जाणणे तितकेच अगत्याचे आहे.

करौंदीची खूण यामुळे खोटी ठरत नाही; नागपूरचा खांबही नाही. प्रत्येक मध्यामागे एक कसोटी असते. राज्याचा मध्य असो, दवाखान्याची जागा असो की यंत्राने काढलेले उत्तर असो, ती कसोटी कोणती आणि ती कोणी ठरवली, हे विचारण्याचा अधिकार दूरच्या, चोविसाव्या किलोमीटरवरच्या गावालाही आहे. गणिताचा इतिहास त्यात आणखी एका गोष्टीची भर घालतो. सर्वांत निर्दोष मध्यासाठी अडून बसलेल्यांचे काम पुढे सरकले नाही. थोडा उणा, पण हाती लागणारा मध्य घेऊन आणि त्याचा उणेपणा ओळखून ज्यांनी पावले टाकली, ते मुक्कामी पोहोचले. मदनमहालाच्या शिळेला यातले काही ठरवावे लागले नाही. पृथ्वीने तिच्यासाठी एकच कसोटी ठरवून दिलेली आहे. माणसांच्या व्यवहारात ती निवड माणसांनाच करावी लागते.